मास्तर नववीत

सातारा,
भोगीचा दिवस

प्रिय गड्या,

इथे दुपारचे तीन वाजलेत, म्हणजे तुझ्या विनिपेगात पहाटेचे साडेतीन. तू घोरत असशील. तुझ्या वहिनीने केलेली भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी अंगावर आली आहे, पण झोपायचं नाही असं ठरवून लिहायला बसलोय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. शिवाय बातमी अशी आहे की तू हसणारच. तिकडे हस, मला ऐकू येत नाही.

मी नववीत आहे.

थट्टा नाही. बालभारतीचं नववीचं विज्ञान, धडा पहिला, ‘गतीचे नियम’. तो झाला, की दुसरा, ‘कार्य आणि ऊर्जा’. मग दहावीचं ‘गुरुत्वाकर्षण’. आपण दोघं १९८१ ला दहावी झालो, तू सायन्सला गेलास आणि मी आर्ट्सला, तेव्हा सुटलेली गाडी आता पकडतोय. तूच म्हणायचास ना, याला भौतिकशास्त्र म्हणजे शास्त्री गुरुजींचं काहीतरी वाटतं?

सुरुवात नातीने केली. ती यंदा अकरावी सायन्सला. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि आता एकदम सगळं इंग्रजीत. सुट्टीवर गेलेलं त्वरण ‘अ‍ॅक्सिलरेशन’ होऊन परतलं आणि जडत्वाचं ‘इनर्शिया’ झालं. पोर घाबरली. मग आम्ही एक वही घातली. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी. डावं पान माझ्याकडे. निव्वळ शब्द लिहून द्यायचे एवढंच काम होतं. पण एका संध्याकाळी तिने सहज विचारलं, “आबा, ब्रेक लागला की आपण पुढे फेकले जातो. तर आपल्याला पुढे ढकलतं कोण?”

आता सांग, हा प्रश्न मला विचारायचा? १९९२ ते २०२३, ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो मी. गळ्यात बॅग, हातात आधी पंच आणि पुढे मशीन, उभ्या उभ्या किती ब्रेक खाल्ले असतील याला गणती नाही. मी म्हटलं, “ब्रेकच ढकलतो. जोराचा धक्का असतो तो.” ती म्हणाली, “ब्रेक तर चाकाला लागतो. तुमच्या पाठीला कोण शिवलं?” मी म्हटलं, “गाडीचा धक्का.” “गाडीचा कुठला भाग, आबा? तुमच्या मागे तर कुणीच नव्हतं.”

रात्रभर विचार केला. खरंच, माझ्या मागे कुणीच नव्हतं. सीटसुद्धा नव्हती, मी उभा होतो. मग मला ढकललं कुणी?

कुणीच नाही, गड्या. मी गाडीबरोबर ताशी पन्नासने चाललो होतो. ब्रेकने गाडी थांबायला लागली. मला कुणी थांब म्हटलं नाही, म्हणून मी आपला पन्नासनेच चालत राहिलो. पायाला तेवढी फळी धरून ठेवते, त्यामुळे पाय मागे राहतात, धड पुढे जातं आणि माणूस तोंडावर आपटतो. आणि आता खरी गंमत ऐक. वरचा दांडा मी पकडला, तर तो दांडा मला मागे ओढतो. म्हणजे ब्रेक लागतो त्या घडीला माझ्यावर खरोखर जे बल लागतं ते मागच्या दिशेने. पुढच्या दिशेने काहीही नाही. ज्या धक्क्याचं मी ३१ वर्षं नाव घेत होतो तो धक्का मुळात नव्हताच!

त्या दिवसापासून मी नववीत बसलो. नातीने एक नियम घालून दिला. बल म्हटलं की लगेच दोन प्रश्न विचारायचे. कुणी लावलं? कुणावर लावलं? दोन्हीची उत्तरं नावानिशी आली पाहिजेत. ‘गाडीचा धक्का’, ‘वेगाचा जोर’ असलं मोघम चालणार नाही. तिकीट फाडायचं तर कुठून कुठे ते सांगावं लागतं, तसं.

घाटातल्या वळणावर मी पुन्हा अडलो. वाईहून पाचगणीला चढताना पसरणीच्या घाटातली वळणं तुला आठवतात? एकदा एका बाईच्या पाटीतले टोमॅटो सांडले, आठवडी बाजाराचा दिवस होता. गाडी उजवीकडे वळली की टोमॅटो डावीकडे, गाडी डावीकडे वळली की ते उजवीकडे. आणि मी वाकून वेचतोय. आता पुस्तक म्हणतं की वळणाऱ्या वस्तूवर बल आतल्या बाजूला असतं, वर्तुळाच्या मध्याकडे, त्याचं नाव अभिकेंद्री बल. मी म्हटलं, साफ खोटं! टोमॅटो बाहेर गेले, मी स्वतः वेचलेत. माणसंही बाहेरच्या बाजूला कलतात. वळणावर बाहेरच्या अंगाला बसलेल्याला आतला माणूस कसा दाबतो हे मला कुणी शिकवू नये.

नात म्हणाली, “आबा, गाडीत बसू नका. वरच्या टेकडीवर बसा आणि तिथून खाली बघा. गाडीला छप्पर नाही असं समजा.”

बसलो. म्हणजे मनाने. आणि वरून बघितल्यावर टोमॅटो सरळ चाललेला दिसला रे! तो कुठेच बाहेर जात नव्हता. तो आपला होता त्या दिशेला नाकासमोर चालला होता. वळली ती गाडी. टोमॅटोखालून फळी सरकत गेली आणि शेवटी गाडीचा पत्रा त्याच्या वाटेत आडवा आला. पत्र्याने त्याला आत ढकललं तेव्हा कुठे तोही वळला. बाहेर ढकलणारा मी शोधत होतो, तो सापडला नाही. आत ढकलणारा सापडला, पत्रा. बाहेरच्या अंगाला बसलेल्या माणसाला तोच पत्रा वळवतो. आणि गाडीला कोण वळवतं? रस्ता. टायरला आडवं धरून रस्ता गाडीला आत रेटतो. म्हणून वळणावर वाळू पडलेली असली की आमचे ड्रायव्हर एवढे जपून घेतात. रस्त्याने आत रेटलं नाही तर गाडी सरळ जाते. आणि घाटात सरळ म्हणजे दरी.

याचा हिशोबही मजेदार आहे. त्याच वळणावर वेग दुप्पट केला तर रस्त्याला चौपट बल द्यावं लागतं. वीसच्या जागी चाळीसने घेतलं की चौपट! हे सूत्र ठाऊक नसलेला प्रत्येक जुना ड्रायव्हर ते हाताने पाळत होता. गाडीत बसूनच हिशोब करायचा हट्ट असेल तर बाहेर नेणारं एक बल धरून चालता येतं, त्याला आभासी बल म्हणतात. ते चुकीचं नाही, सोयीचं आहे. पण ‘कुणी लावलं?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही. मी ते विनातिकीट प्रवासी म्हणून वहीत लिहून ठेवलंय.

टेकडीवर जाऊन बसायची ही युक्ती मला फार आवडली. स्टँडवर शेजारची गाडी सुटते आणि आपल्याला वाटतं आपलीच निघाली, हे किती वेळा झालंय! मग खांबाकडे बघायचं आणि ओशाळायचं. हाच खेळ आपल्या आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास मांडलाय. नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर गोष्टी मागे जाताना दिसतात, तसे आपल्याला तारे पश्चिमेला जाताना दिसतात, फिरते ती पृथ्वी. मग मी कागद घेऊन बसलो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे मी इथे साताऱ्यात बसल्या बसल्या ताशी साधारण १,६०० किलोमीटरने पूर्वेला चाललोय. तू उत्तरेला फार वर आहेस, तुझं वर्तुळ लहान, म्हणून तू चाललायस ताशी जेमतेम १,१०० ने. शाळेत शंभर मीटरला तू पुढे असायचास, तर आता कळव काय म्हणणं आहे ते. आणि या वेगाचा आपल्याला पत्ता का नाही? तर सरळ रस्त्यावर एका वेगात चाललेल्या गाडीत माझ्या हातून नाणं पडलं तर ते पायाशीच पडायचं, मागच्या बाकाखाली कधी नाही. नाण्यालाही गाडीचाच वेग असतो. फळीवर पडलेलं नाणं मी हजार वेळा उचललं, पण ते मागे का पडत नाही हा प्रश्न एकदाही पडला नाही. तोही आत्ता पडला.

आता मुख्य भांडणाकडे येतो. या भांडणात मी आठ दिवस हरलो नाही.

एका सकाळी नातीने तिळाचा लाडू वर उडवला. (तुझी वहिनी ओरडली, अन्नाशी खेळू नका म्हणून.) लाडू वर जाताना त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? मी म्हटलं दोन. खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण आणि वर नेणारा तुझ्या हाताचा जोर. हाताचा जोर हळूहळू संपतो, मग लाडू खाली येतो. मला हे अगदी धुतल्या तांदळासारखं स्वच्छ वाटत होतं.

“आता हात कुठाय?” ती म्हणाली.

हात तर खाली होता. लाडवाला शिवतही नव्हता. मग वर नेणारं बल कुणाचं? हवा तर उलट अडवते. नावच घेता येईना. म्हणजे हवेची ती किरकोळ अडवण सोडली, तर हात सुटल्यानंतर लाडवावर एकच बल, खाली ओढणारं. तो वर जातो तो वर ढकलतंय म्हणून नव्हे, वर जायचा वेग त्याच्याकडे आहेच म्हणून. गुरुत्वाकर्षण तो वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद एवढा खात जातं. वर टोकाला वेग शून्य. तिथे त्वरण किती? मी म्हटलं तेही शून्य, थांबलाय ना तो! ती म्हणाली, वेगही शून्य आणि त्वरणही शून्य, तर मग लाडू तिथेच कंदिलासारखा लटकून राहायला हवा. तो खाली का येतो? गप्प बसलो. टोकालाही त्वरण तेवढंच, ९.८. पृथ्वी काय त्या क्षणी चहा प्यायला गेलेली नसते.

फार वाईट वाटलं, पण मग दिलासा मिळाला. तिच्या क्लासच्या सरांना मी रस्त्यात गाठून हे सांगितलं. ते म्हणाले, “मास्तर, तुमची चूक मोठ्या घराण्यातली आहे.” अ‍ॅरिस्टॉटलला वाटायचं, वस्तू चालत राहायची तर तिला कुणीतरी ढकलत राहायला हवं. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने म्हटलं, फेकणारा माणूस वस्तूच्या आत एक जोर भरून देतो आणि तो संपत जातो. चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदानने त्यावर आणखी काम केलं. म्हणजे माझा ‘हाताचा जोर’ हा त्या विद्वानांचाच माल. गॅलिलिओ आणि त्यानंतर न्यूटनचं १६८७ चं ‘प्रिन्सिपिया’ येईपर्यंत माणसाला हे सुटायला दोन हजार वर्षं लागली, तर मला आठ दिवस लागले यात नवल ते काय!

सरांनी आणखी एक सांगितलं ते तुला मुद्दाम लिहितो. अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तिसेक साध्या प्रश्नांची एक परीक्षा छापली. सूत्र नाही, आकडेमोड नाही, नुसतं ‘बल कुठल्या दिशेला’ अशा थाटाचं. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकून पास झालेली पोरंसुद्धा त्यात माझ्यासारखीच घसरतात. हार्वर्डच्या एरिक मॅझूर यांनी अशीच परीक्षा आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा कुणीतरी विचारलं म्हणे, की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं द्यायचं, की आम्ही एरवी विचार करतो तसं? हे ऐकल्यावर माझा ऊर भरून आला. हार्वर्डची आणि आम्ही एकाच बाकावर!

पण माझं स्वतःचं एक मत आहे, ते सरांना सांगायचा धीर झाला नाही. मला वाटतं आपल्याला आपली भाषाही थोडी फसवते. आपण म्हणतो, त्याच्या अंगात बळ आहे, बैलात जोर आहे, इंजिनात ताकद आहे. सगळं कुणाच्या तरी आत भरलेलं, डब्यातल्या पिठासारखं. पुस्तकातलं ‘बल’ तसं नाहीच. ते कुणाच्या आत नसतं, ते दोघांच्या मध्ये असतं. मला विचारलं असतं तर मी त्याला ‘रेटा’ म्हटलं असतं. रेटा एकट्याला देता येत नाही, रेटायला दुसरा लागतो. लाडवाच्या आत होता तो वेग, आणि वस्तुमानाला वेगाने गुणून येणारा संवेग. रेटा हात सुटला तेव्हाच संपला. हे मी वहीत डाव्या पानावर लाल शाईने लिहिलंय, उजव्या पानावर त्याला इंग्रजी अजून मिळालेलं नाही.

‘प्रतिक्रिया’ या शब्दाशीही माझं असंच वाजलं. आपल्याकडे आधी काहीतरी घडतं, मग वार्ताहर जाऊन पुढाऱ्याची प्रतिक्रिया घेतो. म्हणजे ती नंतरची आणि मर्जीची. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली प्रतिक्रिया तशी नाही. दोन्ही एकाच क्षणी, अगदी सारखी, आणि कुणाच्या मर्जीचा सवाल नाही. गाडीच्या समोरच्या काचेवर माशी आपटते, तेव्हा गाडी माशीला जेवढं बल लावते तेवढंच माशी गाडीला लावते. मला हे मान्य करायला जड गेलं. बल सारखं, परिणाम मात्र ज्याचं वस्तुमान जास्त त्याला कमी, एवढीच मखलाशी आहे.

यावर मी माझा हुकमी प्रश्न काढला. पावसाळ्यात एकदा वऱ्हाडाचा टेम्पो रस्त्यात चिखलात रुतला होता, आमची गाडी मागे अडकली. मी, ड्रायव्हर आणि दहाएक प्रवासी उतरलो आणि टेम्पो ढकलला. आता टेम्पो जर मला तेवढ्याच बलाने मागे ढकलत होता, तर दोन्ही बलं कापली जाऊन हिशोब शून्य व्हायला हवा. मग टेम्पो निघाला कसा? नवरदेव लग्नाला पोचला हा माझा पुरावा.

नातीने काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, “कुणावर?”

आणि गड्या, तिथे माझं डोकं उघडलं. मी लावलेलं बल टेम्पोवर. टेम्पोने लावलेलं बल माझ्यावर. एक त्याच्या खात्यात, एक माझ्या. दोन वेगळ्या माणसांची खाती एकमेकांत वळती कशी करणार? टेम्पो हलला की नाही ते टेम्पोच्या खात्यात बघायचं. माझी ढकल आणि चिखलाची अडवण, यात जास्त कोण? आणि माझ्या खात्यात टेम्पो मला मागे ढकलत होता, तर मला पुढे कोण रेटत होतं? जमीन! मी पायाने जमिनीला मागे रेटत होतो आणि जमीन मला पुढे. म्हणून तर ज्यांचे पाय चिखलात घसरत होते त्यांचा काही उपयोग होत नव्हता, मग ते कितीही धिप्पाड असोत. एक किडकिडीत म्हातारा धोंड्यावर पाय रोवून उभा होता, त्याने खरं काम केलं. तेव्हा मला वाटलं होतं, अनुभवी माणूस.

पण इथून जे निघालं ते पचवायला मला आणखी चार दिवस लागले. मग गाडीला पुढे कोण ढकलतं? मी म्हणालो, इंजिन, आणखी कोण! “इंजिन गाडीतच आहे, आबा. तुम्ही गाडीत बसून पुढच्या सीटला कितीही ढकललंत तरी गाडी पुढे जाईल का?” नाही जाणार. म्हणजे ढकलणारा गाडीच्या बाहेरचा पाहिजे. बाहेर गाडीला शिवतं कोण? हवा आणि रस्ता. इंजिन चाक फिरवतं, टायर रस्त्याला मागे रेटतो, आणि रस्ता गाडीला पुढे रेटतो. डिझेल इंजिनात जळतं, ऊर्जा तिथून येते हे खरं, पण रेटा रस्त्याचा. टेम्पोचं चाक चिखलात गरागरा फिरत होतं, इंजिन बोंबलत होतं, डिझेल जळत होतं, आणि टेम्पो जागचा हलत नव्हता, कारण रेटणारा रस्ता खाली नव्हता. हे मी डोळ्यांनी बघितलेलं होतं रे! आणि रस्त्याबद्दल मात्र आयुष्यभर म्हणत आलो, की रस्ता गाडीला अडवतो.

आता तुझ्या कामाचं. तुझी रेड नदी या दिवसांत गोठते आणि लोक तिच्यावर स्केट घालून फिरतात असं तू सांगितलं होतंस. तुझ्या मुलाला घेऊन जा. दोघं समोरासमोर उभे राहा, आणि त्याने नुसतं उभं राहायचं, तू त्याच्या छातीवर हात ठेवून ढकलायचं. माझी पैज आहे, तूही मागे जाशील, त्याने बोटही लावलेलं नसताना. आणि कोण जास्त मागे गेला ते बघ, म्हणजे दोघांत हलका कोण ते काटा न वापरता कळेल. (पडू नकोस. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे विसरू नकोस. वहिनींना हे पत्र दाखवूच नकोस.) आणि तो कर्लिंगचा खेळ बघायला गेला होतास ना, वीसेक किलोच्या दगडांचा? सोडल्यानंतर दगडाला कुणी ढकलत नाही, तरी तो किती वेळ जातो! अ‍ॅरिस्टॉटलला एकदा विनिपेगला नेला असता तर दोन हजार वर्षं वाचली असती.

काट्यावरून आठवलं. किराण्याच्या दुकानात आपण वजन म्हणतो ते खरं वस्तुमान, दोन पारड्यांचा तराजू तेच मोजतो. स्प्रिंगचा काटा मोजतो ते पृथ्वीचं ओढणं. ते सगळीकडे सारखं नाही, विषुववृत्तापाशी कमी, ध्रुवाकडे जास्त. तू इथून निघालास तेव्हा पंचाहत्तर किलो होतास. इथलाच स्प्रिंगचा काटा तिकडे नेलास तर तू दोनेकशे ग्रॅम जास्त भरशील. बाकीचं जे वाढलंय ते मात्र सुनेच्या हातचं.

अंतराळवीरांचं कोडं सोपं निघालं. मला वाटायचं तिथे गुरुत्वाकर्षण नाही म्हणून ते तरंगतात. ते आंतरराष्ट्रीय स्थानक फक्त ४०० किलोमीटर वर आहे रे, अंतर म्हणशील तर इथून नाशिकला जाऊन आणखी पुढे. तिथे पृथ्वीची ओढ इथल्या जवळजवळ नव्वद टक्के आहे. ते तरंगतात कारण स्थानक आणि माणसं एकत्र पडत असतात, आणि आडवा वेग एवढा की पडता पडता पृथ्वीला वळसा घालून येतात, दीड तासात एक. एकत्र पडणं म्हणजे काय ते मी घरी करून बघितलं. माझ्याकडे एक जुनं पंच केलेलं तिकीट जपून ठेवलंय. ते नुसतं सोडलं तर गिरक्या घेत खाली येतं. पण डायरीवर सपाट ठेवून डायरी सोडली, की तिकीट डायरीबरोबर येतं, मागे राहत नाही. हवा तेवढी डायरी बाजूला करते. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, तिथे हवा नाही, दोन्ही बरोबर पडली. नातीने मोबाइलवर दाखवलं. मी तीनदा लावायला लावलं.

‘कार्य’ या धड्यावर मी रागावलोय, त्यावर फार लिहीत नाही. एका उंचीवर ओझं घेऊन आडवं चालत राहिलं तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेलं कार्य शून्य. आणि निघालो तिथेच परत आलो तर विस्थापन शून्य. म्हणजे गळ्यात बॅग घेऊन रोज साताऱ्याहून निघून रात्री साताऱ्याला परतणाऱ्या माणसाचा ३१ वर्षांचा हिशोब काय, ते तुझ्या वहिनीने ऐकलं आणि म्हणाली, “हे मी पहिल्यापासून सांगत होते.” दमायला होतं ते स्नायू आतल्या आत आखडतात, सुटतात, उष्णता जाते म्हणून, असं मी तिला समजावलं. ऐकून घेतलं नाही.

एक हिशोब मात्र तुझ्यावर टाकतोच, कारण यात मी तिकीट काढणारा माणूस असून फसलो. वीस किलोमीटर घाट चढायचा, ताशी वीसने. तेवढाच उतरायचा, ताशी साठने. सरासरी चाल किती? मी पटकन म्हटलं चाळीस. मग वेळ मांडली. चढायला एक तास, उतरायला वीस मिनिटं. ऐंशी मिनिटांत चाळीस किलोमीटर, म्हणजे ताशी तीस! हळू चालतो तिथे जास्त वेळ जातो, म्हणून हळूचं वजन जास्त पडतं. बरं, मग सरासरी चाळीस हवीच असेल तर किती जोरात उतरावं? चाळीसने चाळीस किलोमीटर म्हणजे एक तास. तो एक तास तर चढण्यातच गेला! आता बंदुकीच्या गोळीसारखं उतरलं तरी जमणार नाही. उशीर झाला की नवे ड्रायव्हर म्हणायचे, “मास्तर, उतारावर भरून काढतो.” काढून कधी झाला नाही. मी समजायचो, कुठेतरी चहाला जास्त थांबत असू.

वहीतली एक गोष्ट तुला आवडेल. माझं सरकारी नाव ‘वाहक’. आता नात विजेच्या धड्यावर आली, आणि तिथे तांब्याला म्हणतात ‘सुवाहक’, इंग्रजीत कंडक्टरच. तिने माझ्या नावापुढे ‘सु’ लावून वहीवर चिठ्ठी चिकटवली आहे. गावातले लोक ‘कंडक्टर मास्तर’ म्हणायचे, ते मास्तर आता शिकतायत, ही बातमी चहाच्या टपरीपर्यंत गेली आहे. तिथे रोज एक प्रश्न मांडायचा अशी पद्धत पडली आहे. काल उसाच्या ट्रॉलीवरून दोघांत बोलणं बंद झालं.

पत्र संपवतो, पण एक प्रश्न अजून मला सुटलेला नाही, तो पाठवतोय. पालीच्या खंडोबाच्या यात्रेहून परतणारी गाडी होती, पौषातलीच. सगळ्या खिडक्या थंडीमुळे बंद. आईच्या मांडीवर एक पोरगं, त्याच्या हातात दोरा आणि दोऱ्याला गॅसचा फुगा, टपाच्या खाली डुलणारा. समोर म्हैस आली, ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला. आम्ही सगळे पुढे गेलो, पिशव्या पुढे, माझी बॅग पुढे, भंडारा पुढे. फुगा मागे गेला. मी स्वतः बघितला. माझ्या कानाजवळून, डौलात, मागे. तेव्हा मला वाटलं देवाच्या यात्रेचा फुगा आहे, असेल काहीतरी.

आता टोमॅटोचा न्याय त्याला लावला तर तो पुढे जायला हवा होता. मग त्याला मागे कुणी ढकललं? नात म्हणते, “आबा, गाडीत आणखी कोण कोण बसलं होतं, ज्याचं तुम्ही तिकीट फाडलं नाही?” एवढंच सांगितलंय आणि हसते. मला हवेचा संशय येतोय, पण अजून नीट मांडता येत नाही. तुझं उत्तर आल्याशिवाय मी माझं सांगणार नाही. मोबाइलमध्ये शोधायचं नाही, पैज आहे. कागदावर गाडी काढ, बाण काढ, आणि प्रत्येक बाणावर लिही, कुणी आणि कुणावर.

तिळगूळ कुणाच्या हाती पाठवायची सोय नाही, इथूनच घे.

तुझा,
मास्तर